काचेवरचे पाचशे नव्वद

दसऱ्याला आठ-दहा दिवस होते. परभणीतल्या एका दुचाकीच्या शोरूममध्ये पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ काचेच्या टेबलावर पैसे ठेवून बसले होते. पाचशेची एक नोट, पन्नासची एक, विसाच्या दोन. बंडीच्या खिशात घामाने मऊ पडलेल्या नोटा. वर पंखा गरगरत होता म्हणून त्यांवर बोट दाबून धरलेलं. समोरचा फायनान्सचा पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता सांगत होता, "काका, सिबिल बसत नाही तुमचं. सहाशे चौतीस आहे. फोनच्या कर्जाचे पाचशे नव्वद थकीत दाखवतंय." काका म्हणाले, "मपल्या नावावर फोनचं कर्ज?" मग थोडं आठवून, "त्यो तर भाच्याला घेतल्याला. हप्ते त्योच भरायचा. फिटलं की ते कव्हाच!" पोराने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. शेवटचा हप्ता बाऊन्स झाला होता. हप्ता भाच्याने मागाहून भरला. बाऊन्सचा दंड पाचशे आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे नव्वद, एवढे राहिले होते. "मंग हे घ्या की, आत्ता देतो," काका म्हणाले. पोरगा म्हणाला, "आत्ता देऊन उपयोग नाही."

पैसे समोर, देणारा तयार, आणि घेणारा कोणी नाही.

हे दृश्य डोक्यातून जात नाही, कारण आपल्याकडे देण्या-घेण्याची रीत अशी नाही. मोंढ्यातल्या आडत्याकडे वर्षाची उधारी असते. सोयाबीन आलं की तो विक्रीच्या पट्टीतून कापून घेतो, वहीत आडवी रेघ मारतो, चहा सांगतो. देणं जिथे झालं तिथेच फिटतं, आणि फिटताना दोन माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतात. इथे मात्र वही शोरूमची नव्हती आणि त्या पोराचीही नव्हती. ज्या कंपनीने फोनसाठी पैसे दिले तिने "हे खातं अजून उघडं आहे, ५९० बाकी" असं तिसऱ्याच एका कंपनीला कळवलं होतं आणि आज गाडीला पैसे देणारी चौथी कंपनी ते वाचत होती. देशात अशा वह्या ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांचा कायदा २००५ चा. पण कोणत्याही मशीनवरच्या प्रतीला जसं आपण झेरॉक्स म्हणतो, तसं चौघींचंही नाव गावाकडे एकच, सिबिल. "सिबिल मारलंय", "सिबिल उडालं", "सिबिल बसत नाही" असं म्हणतात. जणू बैल बसावा किंवा मोटार जळावी तसं.

या वहीतल्या कर्जफेडीच्या नोंदींवरून माणसाचा एक आकडा निघतो, सिबिल स्कोअर. तो ३०० ते ९०० च्या मध्ये कुठेतरी असतो. ७५० च्या पुढे असला की बहुतेक बँका फार खळखळ करत नाहीत. पण ही काही कायद्याची रेघ नव्हे. ज्याची त्याची मोजपट्टी वेगळी. चार कंपन्यांचे चार आकडे जुळत नाहीत, कारण प्रत्येकीचं गणित आपापलं आहे. आणि या आकड्यात काय नसतं तेही माहीत असावं. जमीन किती, बागायत की कोरडवाहू, ठेव किती, घरात सोनं किती, पगार किती, यातलं काहीच त्यात नसतं. फक्त घेतलेलं कर्ज, ते कसं फेडलं आणि अजून किती मागत फिरताय, एवढंच. तीस एकर ऊस असलेल्या माणसाचा सहाशे आणि भाड्याच्या खोलीतल्या शिपायाचा आठशे निघतो, तेव्हा बँकेत जे भांडण होतं ते यामुळे.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजावायची तर सातबाऱ्यावरून समजवावी. कर्ज काढलं की इतर अधिकाराच्या रकान्यात बँकेचा बोजा चढतो. कर्ज फेडलं म्हणून तो आपोआप उतरत नाही. बँकेकडून बेबाकीचा, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा, दाखला घ्यायचा, तलाठ्याकडे अर्ज करायचा, फेरफार पडायचा, मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर करायचा, तेव्हा कुठे रकाना मोकळा होतो. बापाने फेडलेल्या कर्जाचा बोजा नातवाच्या वाटणीच्या वेळी निघतो, अशी उदाहरणं प्रत्येक तालुक्यात आहेत. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे त्या वहीतलं आपल्या नावाचं पान, हा असाच एक सातबारा समजा, फक्त माणसाचा. फरक इतकाच की त्याचा उतारा काढून बघायची आपल्याला सवय नाही.

तो उतारा वाचायचा कसा? वर नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन नंबर. मग एकेका कर्जाचं खातं: कोणी दिलं, कधी दिलं, किती, आज बाकी किती, थकीत किती, बंद झाल्याची तारीख. खाली छोट्या चौकोनांची पट्टी, एका महिन्याला एक चौकोन, असे ३६ महिने. चौकोनात तीन अंक, म्हणजे हप्त्याला किती दिवस उशीर झाला. वेळेवर भरलं तर ०००. बँकेने त्या महिन्याचं काही कळवलंच नाही तर तीन फुल्या. काही बँका दिवसांऐवजी अक्षरं लिहितात, 'एसटीडी' म्हणजे ठीकठाक, 'एसयूबी' म्हणजे नव्वद दिवसांच्या पलीकडे गेलेलं. काकांच्या फोनच्या खात्याची पट्टी पोराच्या मोबाईलवर दिसत होती. अकरा चौकोन ०००, ०००, ०००, एखाद्या हुशार पोराच्या पाटीसारखे. बारावा ०२९. मग ०६०, ०९०, १२१. पुढे आकडा वाढतच गेलेला. ५९० रुपयांची बाकी तिथल्या तिथे होती, चढत होते ते दिवस. आणि आकडा काढणारं गणित रक्कम लहान आहे म्हणून सोडून देत नाही. त्याला दिसतं ते एवढंच की एक खातं वर्षापेक्षा जास्त थकलेलं आहे.

बंद झाल्याच्या तारखेचा रकाना मात्र रिकामा होता.

शेवटचा हप्ता बाऊन्स का झाला हे कोणी विचारलं नाही, पण ते इकडच्या कोणालाही सांगता येईल. हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी आपण कर्ज घेतानाच दिलेली असते. दोन किंवा पाच तारखेला सकाळी मागणी येते, त्यामुळे पैसा आदल्या संध्याकाळी खात्यात हवा. दुपारी भरला तर उपयोग नसतो. दहा रुपये कमी पडले तरी हप्ता अर्धा कापला जात नाही, पूर्ण परत जातो. मग कंपनी दंड लावते, आपली बँकही वेगळा लावते. आणि मराठवाड्यात पैसा येतो तो पाच तारखेला येत नाही. सोयाबीनचा दिवाळीच्या पुढे-मागे, कापसाचा वेचणीप्रमाणे तुकड्या-तुकड्याने, उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीने. वर्षाच्या पिकावर महिन्याचा हप्ता बांधला की एप्रिल-मे आणि ऑगस्ट हे महिने ओढाताणीचे जाणारच. हे गणित पगारदारांच्या चालीवर बेतलेलं आहे, त्यात शेतकऱ्याचा दोष नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मत बँकेत चालत नाही, म्हणून दोन गोष्टी कराव्यात. ट्रॅक्टरसारख्या मोठ्या कर्जाला सहामाही हप्ता मिळतो, तो मागून घ्यावा. आणि लहान कर्जाला मोंढ्यातून पट्टी मिळाल्याच्या दिवशीच पुढच्या चार-सहा हप्त्यांची रक्कम हप्त्याच्या खात्यात टाकून द्यावी. हे खातं पीककर्जाच्या बँकेतलं नको. पीककर्ज थकलं की तिथे अनुदानाच्या आणि विम्याच्या पैशालाही होल्ड लागतो, आणि खात्यात पैसे दिसत असूनही फोनचा हप्ता परत जातो.

पीककर्जाची गोष्ट आणखी वेगळी. मार्चअखेर बँकेपुढे 'नवं-जुनं' करायला रांग लागते. म्हणजे जुनं पीककर्ज व्याजासकट भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. भरायला पैसे नसतात, म्हणून कोणाकडून तरी चार-आठ दिवसांसाठी महागड्या व्याजाने घ्यायचे, भरायचे, नवं कर्ज हातात आलं की त्याचे त्याला परत. बाहेरच्याला हा खुळेपणा वाटतो. पण ज्याने नवं-जुनं वेळेवर केलं त्याला व्याजाची सवलत मिळते आणि त्याची पट्टी स्वच्छ राहते. जो माफीच्या आशेवर थांबला त्याचं खातं थकत जातं. २०१७ ला दीड लाखापर्यंतची माफी आली, २०१९ ला दोन लाखांपर्यंतची. पण माफीची रक्कम खात्यावर पडेपर्यंतचे महिने थकलेलेच लिहिले जातात आणि माफी झाली म्हणून ते चौकोन मागे जाऊन कोणी पुसत नाही. मुख्यमंत्र्यांनी बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जाला सिबिल मागू नका, असं बँकांना बजावलं आहे. ते पीककर्जापुरतं झालं. शोरूममधल्या गाडीला, ठिबकच्या कर्जाला, पोरीच्या शिक्षणाच्या कर्जाला वही उघडलीच जाते.

उलट, कित्येक माणसं आयुष्यभर कर्जात असतात आणि त्यांचं वहीत नावच नसतं. बीड-केजकडचं जोडपं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतं ते मुकादमाकडून उचल घेऊन. सहा महिने कोयत्याने, पहाटे तीनला गाडी भरून ती उचल फेडायची. एवढ्या कष्टाने फेडलेलं कर्ज कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही. आडत्याची उधारी, कृषी सेवा केंद्रातल्या खत-बियाण्याचं बिल, भिशी, सावकार, यातलं काहीच नाही. अशा माणसाने पहिल्यांदा बँकेत अर्ज केला की आकड्याच्या जागी उणे एक किंवा 'एनएच' येतं, म्हणजे इतिहास नाही. खिडकीवरचा माणूस त्यालाही "सिबिल नाही तुमचं" असं म्हणून परत पाठवतो. तसं चालत नाही. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्या कर्जाचा अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. ते ठामपणे आणि शक्यतो लेखी विचारावं. त्याच घरातल्या बाईचा इतिहास मात्र बहुधा सापडतो, कारण मायक्रोफायनान्सच्या गटाचं कर्ज तिच्या नावावर असतं आणि त्याची नोंद जाते. गटाच्या बैठकीला दर आठवड्याला मोजून पैसे ठेवणाऱ्या त्या बाईला आपला आकडा नवऱ्यापेक्षा चांगला आहे हे माहीत नसतं. घरातलं पहिलं मोठं कर्ज तिच्या नावावर काढावं, हा सल्ला मी बिनदिक्कत देईन.

दोन जागा अशा आहेत की तिथे माणूस चांगुलपणात फसतो. एक, जामीन. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला, शेजाऱ्याच्या घराला सही केली की ते कर्ज 'जामीनदार' म्हणून आपल्याही उताऱ्यावर चढतं. त्याचे हप्ते थकले की ओरखडा दोघांना. नाही म्हणता येत नसेल तर निदान त्या कर्जाचा खाते क्रमांक लिहून ठेवावा आणि अधूनमधून बघावं. दुसरी जागा लोकअदालत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात मांडव पडतो, बँकेचे साहेब टेबल टाकून बसतात, एक लाख चाळीस हजारांचं थकीत ऐंशी हजारांत मिटतं, आणि माणूस सुटलो म्हणत आवारातच रसवंती गाठतो. कायद्याने तो खरोखर सुटलेला असतो. पण उताऱ्यावर 'क्लोज्ड' येत नाही, 'सेटल्ड' येतं. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो: याने पूर्ण दिले नाहीत. ही माहिती कंपन्या निदान सात वर्षं जपून ठेवतात. जेव्हा दुसरा मार्गच नसतो तेव्हा तडजोड करावी, त्यात लाज नाही. पण पुढच्या दोन वर्षांत घरासाठी कर्ज लागणार असेल तर सही करण्याआधी विचारावं की पूर्ण रक्कम हप्त्याने घेता का. नंतर हातात पैसा आला तर सोडलेली रक्कम भरून खातं 'क्लोज्ड' करून मागता येतं. बँका अशा पैशाला सहसा नाही म्हणत नाहीत.

क्रेडिट कार्डाबद्दल थोडक्यात. पन्नास हजारांची मर्यादा असेल तर पंधरा हजारांच्या आत वापर ठेवावा. बिल पूर्ण भरत असलात तरी बिल निघायच्या दिवशी कार्डावर पंचेचाळीस हजार असतील तर कळवले जातात ते पंचेचाळीस. म्हणून बिल निघायच्या आधीच थोडे भरून टाकावेत.

आता बघायचं कसं ते. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा नियम २०१७ पासून आहे. चौघींकडून एकाच दिवशी काढू नये. जानेवारीत एकीचा, एप्रिलमध्ये दुसरीचा, मग जुलै, मग ऑक्टोबर. म्हणजे दर तीन महिन्यांनी एक नजर पडते आणि एक रुपया लागत नाही. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर जायचं, पॅन, जन्मतारीख, मोबाईलवर आलेला ओटीपी, एवढ्यावर होतं. वाटेत महिन्याचं पैसे भरून सदस्यत्व घ्या म्हणून मोठं बटण येतं, ते टाळून फुकटच्या वार्षिक रिपोर्टचा लहान दुवा शोधावा लागतो. आपला आपण बघितल्याने आकडा कमी होत नाही. ही भीती का पसरली कोण जाणे, पण ती चांगलीच पसरली आहे. कमी होतो तो कर्ज देणाऱ्याने चौकशी केल्यावर, आणि शोरूममधला पोरगा नेमकं तेच करत असतो. "फाईल चार ठिकाणी लॉगिन टाकून बघतो" याचा अर्थ एका दुपारी चार चौकशा, चारही तारखेसकट उताऱ्याच्या शेवटी. काकांच्या बाबतीत तोवर तीन झाल्या होत्या. म्हणून गाडी बघायला जायच्या महिनाभर आधी रिपोर्ट घरी काढावा आणि शोरूममध्ये आधार-पॅन हातातून सोडण्याआधी विचारावं की कुठे कुठे टाकणार आहात.

रिपोर्ट उघडल्यावर आधी आकडा बघू नये. आधी फोन नंबर बघावेत. आपल्याकडे रिचार्जच्या भावावरून सिम बदलतं. जुना नंबर दुसऱ्याला जातो, आणि तुमचा रिपोर्ट कोणी तपासला याचा एसएमएस त्या परक्या माणसाला. मग नाव. ज्ञानेश्वर कुठे 'डी'ने सुरू होतो, कुठे 'जी'ने. आडनाव कधी पुढे, कधी मागे. गावात तेच नाव, तेच बापाचं नाव असलेले तिघे असतात आणि त्यातल्या एकाचं कर्ज आपल्या खात्यात येऊन बसतं. पॅन आणि जन्मतारीख जुळते का, यावर हे ओळखायचं. पत्त्यात जुनं उस्मानाबाद किंवा औरंगाबाद दिसलं तर घाबरू नका, त्याने आकडा हलत नाही. मग एकेक खातं: हे मी घेतलं होतं का? फिटलेल्या प्रत्येक खात्यापुढे बंद झाल्याची तारीख आहे का?

चूक सापडली तर त्याच वेबसाईटवर तक्रार नोंदवता येते, फुकट. कंपनी स्वतःहून काही बदलत नाही. ती कर्ज देणाऱ्याला विचारते आणि तो हो म्हणाला तर बदलते. म्हणून एकच तक्रार दोन्हीकडे टाकावी, सोबत पावती, खात्याचा उतारा आणि बेबाकी. कर्ज देणाऱ्याने २१ दिवसांत उत्तर द्यायचं, सगळं मिळून ३० दिवसांत मिटायचं. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. १४४४८ वर फोन केला तर मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मात्र वहीत लिहून ठेवावा. कॉम्प्युटर सेंटरच्या दारावर 'सिबिल वाढवून मिळेल' असा कागद चिकटवलेला असतो, त्याच्या वाटेला जाऊ नये. तो माणूस जास्तीत जास्त हीच तक्रार टाकतो आणि तिचे तीन हजार घेतो. शिवाय तुमचा ओटीपी त्याच्याकडे.

काकांचं प्रकरण चुकीचं नव्हतंच, ही त्यातली अडचण. दंड राहिला होता हे खरं होतं. "मंग ह्ये द्यायचे कुणाला?" त्यांनी विचारलं, आणि पोराने पहिल्यांदा मोबाईल बाजूला ठेवला. फोनच्या कर्जाचा खाते क्रमांक त्याने पावतीच्या मागच्या बाजूला लिहून दिला. भाच्याकडून त्या कंपनीच्या ॲपवर किंवा शाखेत भरायचे, वसुलीवाल्याच्या फोनवर पाठवायचे नाहीत. पावती घ्यायची. आठवड्याने बेबाकी मागायची, ज्याला ते एनओसी म्हणतात. कर्ज देणारे आता महिन्यातून निदान दोनदा खात्याची स्थिती कळवतात. म्हणजे तीन-चार आठवड्यांत खातं बंद दिसायला हवं. चौकोनातले उशिराचे आकडे तसेच राहतील, फक्त पुढे वाढणार नाहीत. आकडा लगेच साडेसातशे होणार नाही. पण थकीतच्या रकान्यात शून्य आणि हातात एनओसी असली की दिवाळीच्या पाडव्यापर्यंत फाईल पुन्हा टाकून बघता येईल, असं पोरगा म्हणाला.

काकांनी नोटा उचलल्या, पावतीत गुंडाळल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात घातल्या. जाताना दारापाशी उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या सीटवरून त्यांनी उपरण्याचं टोक फिरवलं. धूळ नव्हतीच. मग भाच्याला फोन लावला आणि वाजणाऱ्या रिंगकडे कान देत उन्हात उतरले.